शेजारच्या फुलाची धूळ

बुरे गावच्या तेलगिरणीत मी वजनं लिहिते.
वर्षातले चार महिने लिहिते,
उरलेले आठ मशीनवर गोणपाट टाकून
समोरून जाणारे ट्रक मोजते.

जिबूतीच्या बंदरावरून येतात ते,
पाठीवर पिवळे कॅन, वीस-वीस लिटरचे,
कुठल्याशा बेटावरच्या ताडांचं तेल.
आमच्या थंडीत ते गोठतं.
सकाळी उन्हात आणून ठेवतो आम्ही,
आजाऱ्याला ओट्यावर बसवावं तसं.

बुधवार, शुक्रवार, आणि ईस्टरआधीचे पंचावन्न दिवस
लोणी नाही, दूध नाही, मांस नाही.
हरभऱ्याच्या पिठाचा शिरो, पिठल्याचा दूरचा भाऊ,
त्याला तेल तर हवंच.
देवाला चालणारं तेल समुद्र ओलांडून येतं,
आणि डॉलर चढला की
लिटर मागणाऱ्या बायका
रिकामी औषधाची बाटली पुढे करतात.

कारळ्याला इथे नूग म्हणतात.
कुठे गेलं आपलं नूग, असं सगळे विचारतात.
गेलं कुठेच नाही.
जिथे गहू कुजतो त्या पाणथळ काळ्या रानात
उरलंसुरलं बी फेकायचं, पाठ फिरवायची,
आणि सप्टेंबर सरताना डोंगर पिवळा झाला
की पाहुण्यांना दाखवायला न्यायचं.
फुलं उदंड.
बोंड चुरगाळलं तर तळहातावर फोल.

माझ्या वहीत देम्लेवची ओळ तीन वर्षं तीच:
अर्धा हेक्टर, सव्वा क्विंटल.

मग संशोधन केंद्रातून इनातनेश आली,
चिखलात रुतलेले बूट, गळ्यात भिंग.
वाण, खत, ओळीतली पेरणी, सगळं बोलली;
ते आधीच्यांनीही सांगितलं होतं.
जाता जाता तिनं एक फूल खुडलं.
म्हणाली, हे स्वतःचा पराग घेत नाही.
शेजारच्याचा लागतो.
आणून देणारं कुणीतरी लागतं.

देम्लेव एवढा हसला की खोकला लागला.
रेडिओ रोज सांगतो, देशानं आपल्या पायावर उभं राहावं,
आणि ज्याच्या जिवावर राहायचं
त्या झाडाला स्वतःचंच चालत नाही!

शेजारी येनेनेह. त्याच्याकडे माश्या.
एका बैलावरून अकरा वर्षं अबोला.
कुणी कुणाला काय सांगितलं, मला माहीत नाही.
एका रात्री बांबूची, शेणानं लिंपलेली सहा पोळी
देम्लेवच्या बांधावर आली.
ठेवणारा बोलला नाही. ठेवून गेला.

बोलणं झालं ते मधावरून.
फुलं माझी. माश्या माझ्या.
दोन दुपारी म्हातारी माणसं उंबराखाली बसली,
दोन घागरी बिअर संपली,
आणि ठरलं की मध येनेनेहचा,
पेंडीतली तिसरी वाटणी त्याच्या गाईला.
बैलाचा विषय कुणी काढला नाही.

पहाटे दंवात कापणी, ऊन चढलं की बी गळतं.
खळ्यावर देम्लेवच्या बायकोनं
आपली लग्नातली शाल अंथरली,
एक दाणा मातीत जायला नको म्हणून.

काटा थांबला तेव्हा मी पोतं उतरवायला लावलं,
पुन्हा चढवायला लावलं.
दोन क्विंटल सत्तावीस किलो.

त्याच दिवशी वीज गेली, ती चौथ्या दिवशी आली.
तेवढ्यात रस्त्यावरून गेले एकोणीस ट्रक;
मी मोजले, सवय आहे.
मग मशीन घरघरलं
आणि नळीतून आलं ते काळपट, जाड, कोमट.
बोट लावून चाखलं.
जिभेवर आधी कडवट, मग भाजल्या दाण्यासारखं काहीतरी
बराच वेळ राहिलं.

वहीत माश्यांसाठी रकाना नाही.
देम्लेवच्या ओळीत, नावाच्या वर,
मी बारीक अक्षरांत येनेनेह लिहिलं.
मालकानं चष्मा कपाळावर सारला:
हा कोण? बी आणलं यानं, की तेल नेलं?

मी सांगितलं.
बाहेरून विसावा ट्रक चालला होता,
ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.